चूल सुधारली, पण दुरुस्ती कोणी करायची?

१/ भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यातून चुलबंद नदी वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, या धानपट्ट्यातील जुन्या मातीच्या घरांचे केंद्र चूलच होती. ती सुधारण्याच्या प्रयत्नांचा हा इतिहास.

२/ पारंपरिक चुलीला तीन बाजूंनी मातीची भिंत, पुढे सरपणाचे तोंड, वर भांडे टेकवण्याचे उंचवटे आणि शेजारी वैल असे. माती, शेण व तणस एवढेच साहित्य. ती घडवणारी, तडे बुजवणारी आणि सारवणारी घरातील स्त्रीच असे. दुरुस्तीसाठी बाहेरच्या कारागिराची वाट पाहावी लागत नसे.

३/ दोष मात्र गंभीर होता. धुराडे नसल्याने धूर कवेलूंच्या फटींतून सावकाश बाहेर पडे. छपराच्या लाकडाची कीड त्याने दूर राहत असली, तरी तोच धूर आधी स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत आणि छातीत जात असे.

४/ धुराचा हा त्रास युरोपलाही चुकला नव्हता. भिंतीतील फायरप्लेसचा धूर खोलीत परतत असे. १७९६ मध्ये बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, यांनी त्यावर निबंध लिहिला. धुराड्याचा गळा अरुंद करावा, बाजूच्या भिंती तिरप्या कराव्यात, असा त्यांचा उपाय होता. जुने घर न पाडता स्थानिक गवंडी थोड्या विटांत हा बदल करू शकत असे. लंडनमध्ये तो झपाट्याने पसरला.

५/ विदर्भात हा विचार वर्ध्याला रुजला. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. संघाचे केंद्र असलेल्या मगनवाडीचे नाव पुढे ‘मगन चुली’ला मिळाले. एकाच जाळावर अनेक भांडी आणि धूर धुराड्यावाटे बाहेर, अशी तिची रचना होती. साहित्य मातीचेच राहिले.

६/ १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात किर्क स्मिथ व सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढील स्त्रियांच्या श्वासात जाणारे कण मोजले. त्याच दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या.

७/ तरी धूर संपला नाही. धुराड्यात काजळी साचली की ओढ कमी होते. ते छपरातून नेले की पावसाळ्यात तिथून गळते. तोंड लहान असल्याने सरपण बारीक फोडावे लागते, आणि ठरावीक मापाचेच भांडे बसते. ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासात सुधारित चुलींमुळे पहिल्या वर्षी धूर घटला. पुढे देखभाल व वापर ढासळल्याने तो फायदा उरला नाही.

८/ मातीच्या चुलीचा तडा कसा बुजवायचा, हे ज्ञान आईकडून लेकीकडे येत होते. तुंबलेल्या धुराड्याबाबत तशी परंपरा नव्हती आणि शासकीय अहवालात मोजदाद बसवलेल्या चुलींची होत असे. रम्फर्डच्या बदलामागे गवंडी उभा होता. इथे ज्या बाईच्या हाताने चूल टिकत होती, तिलाच आराखड्यात फारसे स्थान मिळाले नाही.

९/ २०१६ पासून उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरोघरी नेला. तरीही अनेक ग्रामीण घरांत गॅसशेजारी चूल पेटते, कारण सरपण रानात मिळते आणि सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात. जनगणना आजही कुटुंब ओळखते ते सामाईक स्वयंपाकघरावरून. भाऊ विभक्त झाले की मराठीत ‘चूल वेगळी झाली’ असेच म्हणतात. लाखांदूरकडचे एखादे जुने घर जतन करताना म्हणूनच दारे-खांबांबरोबर चुलीचा कोपराही पाहावा, आणि तो सारवणाऱ्या आजीला तिची कृती विचारून लिहून ठेवावी.