दप्तरातील निवड आणि डिस्क-प्रतिमेतील निवड: आंबेनळीच्या निमित्ताने

मोठ्या दप्तरातून आपल्या विषयापुरते कागद वेगळे काढणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे नित्याचे काम आहे. ते इतके नित्याचे आहे की, त्याची स्वतंत्र चर्चा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु गेल्या तीन-चार दशकांतील लेखनाचा मोठा भाग कागदावर न राहता संगणकाच्या डिस्कांवर उतरला आहे, आणि अशा जुन्या डिस्का ‘डिस्क-प्रतिमा’ ह्या रूपाने अभ्यासकाच्या हाती येऊ लागल्या आहेत. एका प्रतिमेत हजारो फाइली असतात. अभ्यासकास त्यांपैकी दहा-वीसच हव्या असतात. त्या कशा काढाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रज्ञाचा वाटतो. वस्तुतः महाराष्ट्रातील दप्तर-संशोधनास हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपासून परिचित आहे, आणि त्या अनुभवाचा उपयोग आज करून घेता येतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. विवेचनास आधार म्हणून आंबेनळी हे एकच स्थलनाम घेतले आहे.

१

आंबेनळी घाट रायगड जिल्ह्यातील पोलादपूर आणि सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर ह्यांना जोडतो. वाटेत प्रतापगडाचा परिसर लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज व अफझलखान ह्यांची भेट झाली ती ह्याच गडाच्या पायथ्याशी. ह्या घाटासंबंधीचे सर्व कागद पाहावयाचे असे कोणी ठरविले, तर पहिली अडचण नावाचीच येते. मराठीत आंबेनळी, अंबेनळी, आम्बेनळी अशी रूपे संभवतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही आणि शब्दही तोडून लिहिले जात नाहीत, त्यामुळे नजरेने नाव हुडकणे कठीण होते. इंग्रजी अमदानीतील लेखनात हाच घाट मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड (१८६७–१८७२) ह्यांच्या नावाने येतो. तेथे ‘आंबेनळी’ हा शब्द शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही.

दुसरी अडचण कचेऱ्यांची. घाटाचा पायथा एका जिल्ह्यात व माथा दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने कागदही दोन ठिकाणी विभागले जातात. जुन्या गॅझेटिअरांतही कुलाबा जिल्ह्याचा खंड (१८८३) आणि सातारा जिल्ह्याचा खंड (१८८५) असे दोन्ही उघडावे लागतात. शिवाय कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर १९८१ साली झाले. त्यापूर्वीच्या कागदांत ‘रायगड’ म्हणजे किल्ला, जिल्हा नव्हे. तेव्हा निवड करणाऱ्यास दप्तर उघडण्यापूर्वीच नावांचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

२

मराठी इतिहासाच्या साधनांत निवडीची परंपरा मोठी आहे. गणेश चिमणाजी वाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सातारकर छत्रपती व पेशवे ह्यांच्या रोजनिश्यांतून वेचे काढले. त्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १९०० साली पेशव्यांच्या राज्यव्यवस्थेचे विवेचन केले, आणि पुढे हे वेचे ग्रंथरूपाने छापले गेले. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यानंतर गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या काळात मुंबई सरकारने प्रसिद्ध केले. हजारो रुमालांतून इतक्या थोड्या अवधीत एवढी सामग्री अभ्यासकांच्या हाती देणे हे काम असामान्य होते.

ह्या ऋणाची जाणीव ठेवूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सरदेसाईंचे खंड विषयवार रचलेले आहेत. विषयवार रचना वाचकास सोयीची खरी, पण तीत कागद आपल्या रुमालातील शेजाऱ्यांपासून वेगळा होतो. एखाद्या पत्राच्या मागे कोणता हिशेब बांधलेला होता, पुढे कोणाची याद होती, हे छापील खंडावरून कळत नाही. जे कागद निवडले नाहीत, ते का निवडले नाहीत, हेही प्रत्येक ठिकाणी कळत नाही. राजकारणाच्या दृष्टीने निरर्थक वाटलेली धान्याची याद उद्या भाषेच्या किंवा शेतीच्या अभ्यासकास मोलाची ठरू शकते. पेशवे दप्तराच्या बाबतीत हे न्यून पुष्कळसे भरून येते, कारण मूळ रुमाल पुण्याच्या पुरालेखागारात शाबूत आहेत आणि शंका आल्यास तेथे जाता येते. निवड निर्धोक होते ती मूळ अभंग राहिल्यामुळे.

उलट बाजूचे उदाहरण आंबेनळीहून फार दूर नाही. महाड तालुक्यातील रायगड १६८९ साली मोगलांच्या हाती गेला, आणि त्या वेळी गडावरील दप्तर नष्ट झाले असे इतिहासकार मानतात. शिवकालाविषयी आपण ज्या तुटपुंज्या अस्सल कागदांवर विसंबतो, त्याचे हे एक कारण होय. तेथे निवडीच्या चुका दुरुस्त करावयास मूळच उरले नाही.

३

डिस्क-प्रतिमा म्हणजे डिस्कवरील फाइलींची नुसती नक्कल नव्हे. डिस्कच्या पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत जे जे अंकित आहे, ते सर्व त्याच क्रमाने एका फाइलीत उतरविले म्हणजे प्रतिमा तयार होते. साडेतीन इंची फ्लॉपीचे नेहमीचे उदाहरण घेतले, तर तीत प्रत्येकी ५१२ बाइटांचे २,८८० खंड असतात. तिची प्रतिमा बरोबर १४,७४,५६० बाइटांची होते, मग फ्लॉपीवर एकच पत्र असो वा शंभर. फाइलींची नावे, फोल्डरांची मांडणी, बदलांच्या तारखा, रिकाम्या दिसणाऱ्या जागेत राहून गेलेले जुने लेखन, असे सर्व तीत येते. दप्तराच्या भाषेत सांगावयाचे तर रुमाल, त्याची गाठ आणि आतील कागदांचा क्रम ह्यांसह सगळे दप्तर उचलून आणण्यासारखे हे आहे.

संग्रहातून हवे तेवढेच काढण्याच्या साधनांनाही स्वतःचा इतिहास आहे. बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ साली ‘टार’ ही आज्ञा आली. तिचे नाव चुंबकीय फितीवरील संग्रह ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले आहे. फितीच्या आरंभी अनुक्रमणिका नसते, प्रत्येक फाइलीच्या आधी तिचे नाव व आकार येतो. म्हणून एक फाइल हवी असली तरी फीत आरंभापासून वाचीत जावी लागते. १९८८ साली सीडीसाठी ठरलेल्या आयएसओ ९६६० ह्या मानकात फोल्डरांच्या याद्या स्वतंत्र असल्याने हव्या जागी थेट जाता येते. १९९९ साली इगोर पाव्हलोव्ह ह्यांनी तयार केलेला ‘सेव्हन-झिप’ हा कार्यक्रम सीडीच्या, तसेच फ्लॉपीच्या व इतर अनेक प्रकारच्या प्रतिमा उघडतो. त्याच्याच आधारे पुढील पद्धती सांगतो.

४

कमांड लाइनवर काम तीन पायऱ्यांनी होते. प्रथम ‘सेव्हन-झेड’ ह्या आज्ञेनंतर ‘एल’ हे अक्षर व प्रतिमेचे नाव दिले म्हणजे आतील सर्व फाइलींची यादी मिळते. तीत प्रत्येकीचा मार्ग, आकार व तारीख असते. ही यादी पडद्यावर वाचून सोडून देऊ नये, वेगळ्या फाइलीत साठवून ठेवावी. जे निवडले नाही त्याची हीच नोंद होय. दुसऱ्या पायरीस यादीतून हवी नावे ठरवावीत. तिसऱ्या पायरीस ‘एल’च्या जागी ‘एक्स’ देऊन, प्रतिमेच्या नावापुढे हव्या फाइलींचे मार्ग लिहावेत. नावाचा काही भागच ठाऊक असल्यास उरलेल्याच्या जागी तारकाचिन्ह चालते. मात्र युनिक्स-पद्धतीच्या संगणकावर ते अवतरणचिन्हांत ठेवावे, नाहीतर त्या चिन्हाचा अर्थ कमांड लाइन स्वतःच बाहेरच्या फोल्डरावरून लावू पाहते.

येथे एका अक्षराचा फरक ध्यानी घेण्याजोगा आहे. ‘एक्स’ दिल्यास फाइल आपल्या मूळ फोल्डरांच्या मार्गासह बाहेर येते. ‘ई’ दिल्यास सर्व फाइली फोल्डर सोडून एकाच जागी ओतल्या जातात. १९९८ च्या फोल्डरातील ‘यादी’ आणि २००२ च्या फोल्डरातील ‘यादी’ मग एकमेकींसमोर येतात, आणि घाईत होकार दिल्यास दुसरी पहिलीस पुसून टाकते. रुमाल सोडून कागदांचा ढीग करण्यासारखेच हे झाले. संशोधनाच्या कामी ‘एक्स’च वापरावा.

भाषेच्या दृष्टीने पाहता ही आज्ञा एक पूर्ण वाक्य आहे. तीत क्रिया आहे, अपादान आहे, कर्म आहे आणि कर्माची विशेषणे आहेत. माउसने फाइल ओढून घेतल्यास मागे काही उरत नाही. लिहिलेली आज्ञा मात्र जपून ठेवता येते, दुसऱ्यास दाखविता येते आणि मूळ प्रतिमेवर पुन्हा चालवून तोच निकाल येतो की नाही हे पडताळता येते. वाड किंवा सरदेसाई ह्यांच्या मनातील निवडीचे नियम आज आपणास अनुमानाने शोधावे लागतात. आज्ञा जपणाऱ्याची निवड, निदान बाह्यतः, अनुमानावर राहत नाही.

५

तरीही नावाची अडचण येथेही सुटत नाही. जुन्या डॉस-पद्धतीत फाइलीचे नाव रोमन लिपीत व आठ अक्षरांपर्यंतच असे. ‘आंबेनळी’चे रोमन लेखन सुदैवाने नेमके आठ अक्षरांत बसते, ‘महाबळेश्वर’ बसत नाही, ते कोठेतरी तोडले जाते, आणि कोठे तोडावे हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असे. फाइलीच्या आतील मजकूर आणखी फसवा असतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली व तीत देवनागरीचा समावेश होता. पण महाराष्ट्रातील टंकलेखन त्यानंतरही अनेक वर्षे निरनिराळ्या खासगी फॉन्टांत चालू राहिले. त्यांत मराठी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेल्या असत, आणि ऱ्हस्व इकार उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर न येता दिसण्याप्रमाणे आधी साठविला जाई. अशा फाइलीत युनिकोडमधील ‘आंबेनळी’ शोधल्यास संगणक ‘नाही’ असे उत्तर देतो. ते उत्तर संकेतांपुरते खरे असते, मजकुरापुरते खोटे. ज्या फॉन्टात लेखन झाले, त्यात हे नाव कोणत्या संकेतांनी साठविले जाते हे आधी काढून तीच संकेतमाला शोधावी लागते. मोडीची वळणे शिकल्यावाचून रुमाल सोडू नये, हा जुना धडा येथे नव्या रूपाने भेटतो.

पुसलेल्या फाइलींचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. फ्लॉपीवरील फाइल पुसली असता तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे एका खुणेने झाकले जाते व तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरे लेखन होईपर्यंत मजकूर तसाच असतो. ‘स्ल्यूथ किट’ ह्या साधनसंचातील ‘एफएलएस’ ही आज्ञा अशा फाइलीही यादीत दाखविते व ‘आयकॅट’ ही आज्ञा नोंदीच्या क्रमांकावरून त्या बाहेर काढू पाहते. काढता येते म्हणून काढावे काय, हा मात्र यंत्राचा प्रश्न नाही. कारकुनाने चुकून पुसलेली पिकांची यादी आणि एखाद्या शिक्षकाने जाणून पुसलेले घरगुती पत्र ह्यांत यंत्र भेद करीत नाही. तो अभ्यासकाने करावयाचा आहे, आणि देणाऱ्याची संमती नसेल तेथे हात आवरला पाहिजे.

६

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले, तळिये येथे दरड कोसळून मोठी मनुष्यहानी झाली आणि आंबेनळी घाटाचा रस्ता खचून वाहतूक बंद पडली. मनुष्यहानीपुढे कागदांची गोष्ट बोलू नये, हे खरे. परंतु सावित्रीच्या काठच्या गावांत कपाटाच्या खालच्या खणांत ठेवलेल्या वह्या, फ्लॉप्या व सीड्या अशा पाण्यात किती टिकणार, ह्याचा विचार पुढील पावसाळ्यापूर्वी झाला पाहिजे.

म्हणून ह्या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस पुढील क्रम सुचवावासा वाटतो. प्रथम संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी. तिचा ‘शा-२५६’ पद्धतीचा ६४ अंकाक्षरांचा ठसा काढून लिहून ठेवावा, म्हणजे पुढे एका बाइटाचा फरक पडला तरी तो कळेल. प्रतिमेच्या दोन प्रती दोन गावी, त्यांपैकी एक घाटमाथ्यावर, ठेवाव्यात. मूळ प्रतीस हात न लावता काम नकलेवर करावे. मग यादी, निवड व काढणी ह्या पायऱ्या कराव्यात आणि निवडलेल्या फाइलींसोबत संपूर्ण यादी, वापरलेल्या आज्ञा, शोधलेली नावांची सर्व रूपे व पाहिलेले फॉन्ट ह्यांचे टिपण जोडावे. हे टिपण पानभराचेच होईल. पण आंबेनळीवर पुढे लिहिणाऱ्यास आपण काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे त्यावरूनच कळेल, आणि राहिलेले काम त्यास तेथून पुढे नेता येईल.