उत्तरेच्या हिमात सहकुटुंब

सहकुटुंब प्रवासाची आखणी हा आपल्या घरांतील एक मोठाच आनंदाचा विषय आहे. प्रवास आठ दिवसांचा असला, तरी त्याची चर्चा चार महिने पुरते, आणि पुष्कळदा प्रवासापेक्षा ती चर्चाच अधिक रंगते. पूर्वी ही चर्चा महाबळेश्वर, माथेरान अशी फिरत फिरत फार तर काश्मीरपर्यंत जाऊन थांबे. आता मात्र काही घरांतून फिनलंड देशाच्या उत्तर टोकाचे, लॅपलंडचे, नाव ऐकू येऊ लागले आहे. बर्फात धावणारी रेनडिअरची घसरगाडी, आकाशात हिरवी झळाळी पसरविणारा उत्तरप्रकाश आणि मुलांचा लाडका सांताक्लॉज, ही तीन आकर्षणे एकाच ठिकाणी लाभतात असे कळल्यावर मुले हट्ट धरतात आणि वडील हिशेबाची वही उघडतात. त्या वहीत तिकिटे येतात, परवाने येतात, लोकरीचे कपडे येतात. पण जेथे जावयाचे त्या भूमीचा इतिहास सहसा येत नाही. तो यावा, एवढीच या भाषणाची विनंती आहे.

उत्तरेकडील त्या दीर्घ रात्रीचा परिचय महाराष्ट्राला नवा नाही. लोकमान्य टिळकांनी 1903 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतील उषासूक्तांचा संबंध ध्रुवप्रदेशातील अनेक दिवस टिकणाऱ्या पहाटेशी जोडला. आर्यांचे मूलस्थान तेथे होते, हा त्यांचा सिद्धान्त आजच्या विद्वानांना मान्य नाही. परंतु महिनोन् महिन्यांची रात्र आणि लांबत जाणारी पहाट ही कल्पना मराठी वाचकांच्या मनात रुजली ती त्या ग्रंथामुळेच. ज्या प्रदेशाची आपल्या आजोबा-पणजोबांनी दिव्याच्या उजेडात पुस्तकातून कल्पना केली, तेथे आता त्यांची नातवंडे-पतवंडे प्रत्यक्ष जाऊ पाहात आहेत.

प्रथम व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. लॅपलंडची राजधानी रोवानिएमी ही हेलसिंकीपासून उत्तरेस सुमारे 800 किलोमीटरवर आहे. विमानाने जाता येते. परंतु मुले बरोबर असतील, तर हेलसिंकीहून रात्री निघणारी शयनगाडी अधिक गमतीची, कारण रात्री निजावे आणि सकाळी खिडकीबाहेर बर्फाने वाकलेले वृक्ष पाहावेत. आपल्याकडे नाताळची सुटी सोयीची म्हणून बहुतेक लोक डिसेंबर निवडतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, 21 डिसेंबरच्या सुमारास रोवानिएमीत सूर्य जेमतेम सव्वादोन तास क्षितिजावर रेंगाळतो; त्याहून उत्तरेला उत्स्योकी येथे तर तो सुमारे 50 दिवस उगवतच नाही. ज्यांना अंधाराची अपूर्वाई हवी त्यांनी डिसेंबरात अवश्य जावे. ज्यांना खेळावयास उजेड हवा त्यांनी मार्च निवडावा. तेव्हा दिवस बारा तासांचा होतो, बर्फाचा थर भरपूर असतो, आणि अंधाऱ्या रात्री उत्तरप्रकाशाचीही आशा राहते. थंडी शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत जाऊ शकते. तेथे एक जाड कोट पुरत नाही. अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर दुसरा जाड थर आणि सर्वांवर वारा अडविणारा झगा, अशी रचना करावी लागते. जोडे थोडे सैलच घ्यावेत, कारण पायाला ऊब देते ती चामड्यापेक्षा आत कोंडलेली हवा.

आता इतिहासाकडे वळू. सांताक्लॉजचे घर लॅपलंडात आहे, ही समजूत फार पुरातन असेल असे आपणास वाटेल. वास्तविक तिचा जन्म आपल्या या आकाशवाणीसारख्याच एका ध्वनिक्षेपणात झाला आहे. फिनलंडात सांताक्लॉजला ‘योउलुपुक्की’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ ‘नाताळचा बोकड’ असा आहे, कारण पूर्वी बोकडाचे सोंग घेतलेले लोक घरोघर हिंडून मुलांना भेवडावीत असत. त्या बोकडाचा हळूहळू प्रेमळ म्हातारा झाला. पण त्याला राहावयास निश्चित घर नव्हते. 1927 साली फिनलंडच्या नभोवाणीवर मुलांचा कार्यक्रम चालविणारे मार्कुस राउतिओ यांनी श्रोत्यांना सांगून टाकले की, हा म्हातारा कोर्वातुन्तुरी या डोंगरावर राहतो. हा डोंगर फिनलंडच्या पूर्व सरहद्दीवर आहे आणि त्याच्या नावाचाच अर्थ ‘कानाचा डोंगर’ असा आहे. जगातल्या मुलांच्या मनातले ऐकू यावे म्हणून म्हातारा तेथे बसतो, अशी ही कल्पना. एका निवेदकाच्या एका वाक्याने एका डोंगराला कान फुटले आणि देशाला एक लोककथा मिळाली.

त्या काळी रोवानिएमी हे लाकडी घरांचे वाढते गाव होते. 1909 साली तेथे आगगाडी पोचली. उत्तर महासागरावरील पेत्सामो हा प्रदेश तेव्हा फिनलंडकडे होता, आणि तेथील बंदरापर्यंतचा मोटाररस्ता 1931 साली पुरा झाला. त्या रस्त्याने हौशी प्रवासी येऊ लागले; 1936 साली गावात नदीकाठी एक आधुनिक उपाहारगृहयुक्त विश्रामगृहही उघडले. तेव्हा हिमप्रदेशातील सुटी ही काही आजची टूम नव्हे.

त्यानंतर महायुद्ध आले. रशियाशी लढताना फिनलंडने जर्मनीचे साहाय्य घेतले होते, आणि सुमारे दोन लाख जर्मन सैनिक उत्तरेत तळ देऊन राहिले होते. 19 सप्टेंबर 1944 रोजी मॉस्को येथे युद्धविरामाचा करार झाला, तेव्हा फिनलंडवर अशी अट पडली की, कालचे हे सहकारी त्याने स्वतःच देशाबाहेर घालवावेत. लॅपलंडमधील लोकांना काही दिवसांत घरदार सोडावे लागले. सुमारे एक लाख माणसे निघाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक सरहद्द ओलांडून स्वीडनमध्ये गेली. बायकांनी मुले कडेवर घेतली आणि गाईगुरे पुढे हाकली. आश्रयाच्या छावण्यांतून रोगराई झाली आणि तीत लहान मुले व वृद्ध दगावले. हाही, श्रोतेहो, त्या हिमभूमीतील सहकुटुंब प्रवासच होता. फक्त त्याची आखणी कोणी हौसेने केली नव्हती.

माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मागे काही शिल्लक ठेवावयाचे नाही असे ठरविले. घरे पेटविली, पूल उडविले, रस्त्यांत सुरुंग पेरले. ऑक्टोबर 1944 मध्ये रोवानिएमी जळाले; स्थानकात उभ्या असलेल्या दारूगोळ्याच्या गाडीच्या स्फोटाने उरलेसुरले काम पुरे केले. गावातील शंभरांपैकी सुमारे नव्वद इमारती नष्ट झाल्या. लोक परतले तेव्हा बर्फात उभी होती ती बहुतेक केवळ विटांची धुराडी, कारण लाकडी घराचे धुराडे तेवढे जळत नाही. पेत्सामोही रशियाकडे गेले, आणि तेथील स्कोल्ट सामी लोकांना आपली वाडवडिलांची भूमी कायमची सोडावी लागली.

आज आपण जे शहर पाहावयास जातो ते या राखेतून उभे राहिले आहे. 1945 साली प्रसिद्ध शिल्पज्ञ आल्वार आल्तो यांनी नव्या नगराची जी आखणी केली, तीत रस्त्यांची मांडणी रेनडिअरच्या शिंगांसारखी आहे आणि मुख्य क्रीडांगण हे त्या प्राण्याच्या डोळ्याच्या जागी आहे. जे गाव आपल्या सर्वस्वाला मुकले होते, त्याला निदान नकाशावर तरी आपल्या भूमीतला जिवलग प्राणी परत मिळाला. पुढे आल्तो यांचे ग्रंथालय तेथे 1965 साली झाले. ते प्रवाशांनी अवश्य पाहावे.

जून 1950 मध्ये एलिनॉर रूझवेल्ट या पुनर्रचनेचे कार्य पाहण्यास आल्या. त्यांना ध्रुववृत्त पाहावयाचे आहे असे कळल्यावर गावकऱ्यांनी घाईघाईने शहराच्या उत्तरेस, ध्रुववृत्ताजवळ, एक लाकडी झोपडी उभारली. लोक तेथे थांबू लागले. 1984 च्या नाताळात लंडनहून ध्वनीच्या वेगाहून जलद जाणारे कॉंकर्ड विमान प्रवासी घेऊन रोवानिएमीस उतरले, आणि 1985 साली त्या झोपडीभोवती सांताक्लॉजचे गाव वसले. कानाचा डोंगर सरहद्दीवर आणि फार दूर. म्हणून म्हाताऱ्याने कचेरी येथे थाटली, असा सोयीचा खुलासा करण्यात आला! तेथील टपाल कचेरीत आज दरवर्षी जगभरातील मुलांची लाखो पत्रे येतात. आवारात ध्रुववृत्ताची रेषा आखलेली आहे आणि प्रत्येक जण तिच्यावर उभा राहून छायाचित्र काढवितो. खरे ध्रुववृत्त मात्र पृथ्वीच्या आसाच्या सूक्ष्म हालचालीमुळे दरसाल सुमारे साडेचौदा मीटर उत्तरेकडे सरकत आहे.

या आनंदनगरीचा कोणी हेवा करू नये. ज्यांची घरे जळाली त्यांच्या मुलाबाळांनी आपल्या हातांनी हा उद्योग उभारला आहे. परंतु एका गोष्टीचे भान प्रवाशांनी राखावे. या भूमीचे मूळ रहिवासी सामी लोक हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व रशिया या चार देशांत विभागले गेले आहेत. ‘लॅप’ हे परक्यांनी दिलेले नाव त्यांना अपमानास्पद वाटते. युद्धानंतर त्यांच्या मुलांना वसतिगृहांच्या शाळांत ठेवण्यात आले, आणि तेथे पुष्कळांची मातृभाषा तुटली. पुढे प्रवाशांना भुलविण्यासाठी सामी नसलेल्या लोकांनी सामींचा पोशाख घालून नाचणे-गाणे सुरू केले. या प्रकाराला कंटाळून 2018 साली फिनलंडच्या सामी संसदेने प्रवासधंद्यासाठी सदाचाराचे नियम प्रसिद्ध केले. आपल्या पंढरीच्या वारीचे किंवा कोकणातल्या दशावताराचे सोंग जर कोणी परक्याने पैशांसाठी केले, तर आपणास कसे वाटेल, याचा विचार केला म्हणजे त्यांची व्यथा समजण्यास अवघड जाणार नाही.

आणखी एक चिंता आहे, आणि ती बर्फाचीच आहे. 1979 पासून उत्तर ध्रुवप्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत असल्याचे फिनलंडच्या हवामानसंस्थेतील शास्त्रज्ञांनी 2022 साली दाखवून दिले. बर्फ वितळून पुन्हा गोठले, की जमिनीवर कठीण कवच बसते, आणि रेनडिअरला त्याखालचे दगडफूल उकरता येत नाही. डिसेंबरच्या आरंभी बर्फ असेलच अशी खात्री आता धरता येत नाही; मार्च सुचविण्याचे तेही एक कारण आहे.

म्हणून, वडीलधाऱ्यांनो, आखणीच्या वहीत दोन दिवस अधिक घाला. एक दिवस रोवानिएमीच्या आर्क्टिकुम या संग्रहालयासाठी. तेथे गावाच्या दोन लहान प्रतिकृती आहेत : एक 1939 सालची, घराघरांनी गजबजलेली; दुसरी 1944 सालची, ओसाड. दुसरा दिवस सुमारे 330 किलोमीटर उत्तरेस असलेल्या इनारी येथील ‘सीदा’ या संग्रहालयासाठी. तेथे सामींचा इतिहास पाहावयास मिळतो. आणि शक्य झाल्यास नोर्वायेर्वी सरोवराच्या काठीही क्षणभर थांबा. गाव जाळून गेलेल्या सैन्यातील सुमारे अडीच हजार जर्मन शिपाई तेथे चिरनिद्रा घेत आहेत. त्यांनाही त्या भूमीने जागा दिली.

मुलांना सांताक्लॉज भेटवा, त्यांचा आनंद हिरावून घेऊ नका. पण त्या दोन प्रतिकृतींपुढे त्यांना जरा वेळ उभे करा. मुले विचारतील, ‘ही घरे कुठे गेली?’ त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याजवळ तयार असू द्या.