माळ्यावरची विमानं आणि दहा वर्षं पडून राहिलेलं जहाज

स्केल मॉडेल बांधणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारू नयेत. एक, "आत्तापर्यंत यावर किती पैसे घातलेस?" आणि दुसरा, "यातली बांधलीस किती?" पहिल्याचं उत्तर मी घरात कोणालाच देत नाही. दुसऱ्याचं देतो. घेतली त्रेचाळीस, बांधली नऊ. उरलेली चौतीस खोकी माळ्यावर आहेत. हिंजवडीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाबरोबर ती दरवेळी टेम्पोत चढतात, नवीन माळ्यावर जातात, आणि पुढच्या करारापर्यंत तिथेच राहतात. आईचं म्हणणं सरळ आहे. "अरे, आहेत ती आधी कर की, मग आण नवीन."

जगभरच्या मॉडेलवाल्यांत या ढिगाला 'स्टॅश' म्हणतात, आणि तो जवळपास प्रत्येकाकडे असतो. इतक्या वेगवेगळ्या देशांतली माणसं एकाच पद्धतीने वागत असतील तर त्याला नुसता आळस म्हणून चालणार नाही, त्यामागे काहीतरी इतिहास असणार. या वीकेंडला तोच सांगायचा विचार आहे.

सहा फुटी माणूस, एक इंच

आधी 'स्केल' म्हणजे काय ते. विमानांच्या किटवर बहुतेक वेळा १/७२ लिहिलेलं असतं. हा आकडा विचित्र वाटतो, पण फूट-इंचांत बघा. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणजे सहा फुटी वैमानिक या मापात बरोबर एक इंचाचा होतो. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाची लाकडी मॉडेलं या मापात निघाली, आणि १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' ही प्लॅस्टिकची किट्सही त्याच मापात आली.

मग युद्ध आलं आणि मॉडेल हे खेळणं राहिलंच नाही. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे दोन-तीन सेकंदांत ओळखायला सैनिकांना शिकवायचं होतं. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळा-शाळांतल्या मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं करून घ्यायची मोहीम काढली. माप तेच, १/७२. ठरावीक अंतरावरून पाहिलं की मॉडेल खऱ्या विमानाएवढं दूर वाटतं, म्हणून माप काटेकोर हवं. आज आम्ही एखाद्या पंखाच्या एका मिलिमीटरवरून तासभर वाद घालतो, त्या सवयीचं मूळ इथे आहे.

युद्धानंतर एअरफिक्स ही कंपनी पुढे आली. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांनी १९३९ साली ती लंडनमध्ये काढली. सुरुवातीला ते रबराची, हवा भरलेली खेळणी करत, नंतर प्लॅस्टिकचे कंगवे. १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी त्यांनी ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल केलं. १९५२ साली 'गोल्डन हाइंड' हे जहाज वूलवर्थच्या दुकानांत साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन शिलिंगला विकायला ठेवलं. शाळकरी पोराच्या खाऊच्या पैशात बसेल अशी किंमत. तिथून हा छंद घरोघरी गेला.

जपानमधली गोष्ट आणखी मजेदार. शिझुओकाची तामिया ही मुळात लाकडाची वखार. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटारवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटरी आणि मोटार बसायला हवी, म्हणून त्याचं माप आलं १/३५. आज जगभर रणगाड्यांचं हेच प्रमाण माप आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. कुणीतरी एकदा बॅटरी बसवायला आकडा टाकतो आणि पुढची साठ वर्षं तो कोणी बदलत नाही. :)

ढीग का होतो?

प्लॅस्टिक किट म्हणजे पोलादी साच्यात दाबाने ओतलेले भाग. साचा बनवायला प्रचंड खर्च, पण एकदा झाला की एकेक किट अगदी स्वस्त पडतं. त्यामुळे कंपनी एखादं किट वर्षभर सलग काढत नाही. साचा मशीनवर चढवतात, काही हजार काढतात, उतरवून ठेवतात. तो पुन्हा कधी चढेल ते कोणी सांगू शकत नाही.

बरं, कंपन्याही टिकत नाहीत. एअरफिक्स १९८१ साली बुडाली. साचे आधी अमेरिकन मालकीच्या पॅलिटॉयकडे गेले, १९८६ साली हंब्रॉलकडे. २००६ साली हंब्रॉलच बंद पडली, तेव्हा हॉर्नबीने एअरफिक्स घेतली. फ्रॉगची कथा तर शीतयुद्धाची आहे. १९७० च्या दशकात तिचे बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले आणि तिथून 'नोव्हो' नावाने किट्स येऊ लागली. पण जर्मन आणि जपानी विमानांचे साचे सोव्हिएत लोकांनी घेतले नाहीत, ते रेव्हेलकडे गेले. दुसरं महायुद्ध संपून तीस वर्षं झाली होती, तरी खेळण्यांच्या साच्यांत ते शिल्लक होतं.

हे सगळं पाहिलेला माणूस दुकानात किट दिसलं की काय करेल? घेऊन ठेवेल. बांधायला वेळ नंतरही मिळेल, किट नंतर मिळेलच असं नाही.

आपल्याकडे यात भर पडली ती आयातीची. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे संख्यात्मक निर्बंध पूर्ण उठले ते १ एप्रिल २००१ ला. त्याआधी किट मिळायचं ते परदेशातून येणाऱ्या काका-मामांच्या बॅगेतून. नंतर दुकानं आली, ऑनलाइन आलं. मग फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. आता तुम्ही म्हणाल, खेळण्यांचा आणि तुझा काय संबंध? तर कस्टम्सच्या ९५०३ या शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि 'लहान प्रमाणातली मॉडेल्स' एकाच ओळीत बसतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माझ्या माळ्यावर चौतीस खेळणी आहेत. आईचंही तेच मत आहे.

जगातलं सगळ्यात मोठं न बांधलेलं किट

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. अर्धवट पडून राहणं फक्त माळ्यावर घडत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने मॅजेस्टिक वर्गाच्या सहा विमानवाहू नौका बांधायला घेतल्या. त्यातली एक एचएमएस हर्क्युलीस. बांधणी सुरू झाली ऑक्टोबर १९४३ मध्ये, पाण्यात उतरली २२ सप्टेंबर १९४५ ला. तोवर युद्ध संपलेलं. काम थांबलं. साधारण तीन चतुर्थांश तयार झालेली नौका तशीच बांधून ठेवली, आणि ती दहा वर्षं पडून राहिली.

जानेवारी १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत काम पुन्हा सुरू झालं, आणि तेही मूळ नकाशाप्रमाणे जसंच्या तसं नाही. मधल्या काळात जेट विमानं आली होती, म्हणून तिरपी धावपट्टी बसवली, वाफेवर चालणारं कॅटपल्ट बसवलं. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टलाच ती भारतीय नौदलात दाखल झाली. नाव, आयएनएस विक्रांत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्या चार बॉयलरपैकी एक तडा गेलेला होता, वेग कमी झाला होता, तरी तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. अडगळीत पडलेल्या सांगाड्याने पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद करायला हात लावला.

पण त्या सहा नौकांतली सहावी, लेव्हायथन. तीही १९४५ लाच पाण्यात उतरली, तीही अर्धवट राहिली. तिच्यासाठी गिऱ्हाईक आलंच नाही. १९६८ साली ती तोडली. तिचे बॉयलर 'कारेल डोरमन' या डच नौकेला बसवले गेले. आमच्याकडे प्रत्येकाचा एक 'स्पेअर्सचा डबा' असतो, मोडक्या किटचे चाक-बंदूक ठेवायचा. लेव्हायथनचं तसं झालं.

दोन्ही नौका एकाच वर्गातल्या, एकाच युद्धाने थांबवलेल्या. एक विक्रांत झाली, एक भंगार. फरक नकाशात नव्हता, पोलादात नव्हता. एकीची कोणाला तरी गरज होती आणि काम पुरं करायची तारीख ठरली होती. बस.

विक्रांतचा शेवट मात्र लेव्हायथनसारखाच झाला, हे मला अजून पटत नाही. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून होती. मी लहानपणी बाबांबरोबर पाहिली आहे. हँगरमध्ये विमानं उभी होती आणि छत इतकं उंच होतं की मान दुखली. २०१४ मध्ये तिला वाचवण्यासाठीची याचिका हायकोर्टाने फेटाळली आणि त्याच नोव्हेंबरात दारूखान्यात तोडायला सुरुवात झाली. तिचं थोडं लोखंड आपल्या बजाजच्या 'व्ही' मोटरसायकलमध्ये २०१६ साली रस्त्यावर आलं. २०२२ साली त्याच नावाची नवी नौका आली, छानच झालं. पण जुनीच्या डेकवर आता कोणाला उभं राहता येणार नाही. १/७०० मापात ती साधारण तीस सेंटीमीटर होते. एवढ्या आकारात तिला ठेवायला कोणाच्याही घरात जागा आहे.

माण गावचा किल्ला

हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे हे इथे काम करणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. पलीकडे माण गाव. दिवाळीच्या आधी तिकडे चक्कर मारा. विटा, दगड, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर लाल माती, उतारावर हळीव पेरलेले. चार दिवसांत हिरवळ. कुंभाराकडून आणलेले मावळे, सगळ्यात वर सिंहासनावर महाराज.

माझ्यासारख्याला आधी त्यात चुका दिसतात. मावळा चार इंचाचा, दरवाजा तीन इंचाचा. मावळा धरला तर माप १/१६ च्या जवळ येतं. आमच्या तालुक्यातल्या कोरीगडाची तटबंदी दीड किलोमीटर धरली, तर या मापात ती नव्वद मीटरच्या वर जाईल, सोसायटीचं पार्किंग पुरायचं नाही. १/७२ मध्येही एकवीस मीटर. पण पोरांना याचं काही नसतं. त्यांच्या किल्ल्यात जो महत्त्वाचा तो मोठा. महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि ते कोणालाही खटकत नाही. खरा कोरीगड मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफेचा गोळा दारूच्या कोठारावर पडल्यामुळे इंग्रजांना मिळाला. पोरांचा किल्ला दरवर्षी पाऊस आणि मांजरांमुळे जातो, आणि दरवर्षी पुन्हा उभा राहतो.

सांगायचा मुद्दा हा, की या मॉडेल परंपरेत ढीग नाही. न बांधलेला दिवाळीचा किल्ला अशी गोष्टच अस्तित्वात नाही. खोकं नाही, साचा नाही, कंपनी बुडायची भीती नाही. माती पुढच्या वर्षीही मिळणार आहे, त्यामुळे साठवायचं कारण नाही. आणि वसुबारसेच्या आत किल्ला झालाच पाहिजे. तारीख ठरलेली.

संयम आणि चिकाटी दोन्ही एकत्र बघायची असतील तर कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात जा. भाऊ जोशींनी आपल्या आवडीचं अख्खं छोटं शहर उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी उघडलं. छंद वर्षानुवर्षं चालला तरी हरकत नाही. पण एक दिवस दार उघडायचं असतं.

तर मग?

माझ्या चौतीस खोक्यांत बहुतेक स्पिटफायर, मेसरश्मिट आणि टायगर रणगाडे आहेत. म्हणजे दुसऱ्यांचं युद्ध. आपल्याकडची म्हणावीत अशी तीनच. एक नॅट, खरं विमान पावणेनऊ मीटरचं, मॉडेल बारा सेंटीमीटरचं. भारतीय चिन्हं वेगळी मिळवावी लागतील. एक सी हॉक, विक्रांतवर होतं तेच. आणि एक मिग-२१. ते मी घेतलं तेव्हा वायुदलात उडत होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. खोकं माळ्यावर असतानाच आतलं विमान इतिहासात गेलं.

म्हणून ठरवलंय असं. ढीग कमी करायची शपथ वगैरे घेत नाही, शपथ घेऊन कोणाचा स्टॅश कमी झालेला मी पाहिलेला नाही. चौतीसमधल्या तिघांना फक्त तारीख देतो. नॅट वसुबारसेपर्यंत, सी हॉक ४ डिसेंबरपर्यंत, मिग पुढच्या २६ सप्टेंबरपर्यंत. बाकीची एकतीस तूर्तास हर्क्युलीससारखी गोदीत बांधून ठेवली आहेत.

आणि हो, पुढच्या महिन्यात करार संपतोय. टेम्पोवाल्याला "वर काही जड ठेवू नका" हे यंदाही सांगावं लागेलच.