‘तीनशे सात लागलंय’ म्हणजे काय?

अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. 29 ऑगस्ट 2023 रोजी मनोज जरांगे पाटील यांचं मराठा आरक्षणासाठी उपोषण तिथं सुरू झालं. 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. आधी दगड आले असं पोलीस म्हणाले, आधी लाठ्या आल्या असं गावकरी म्हणाले. दोन्हीकडची माणसं जखमी झाली, त्यात बायाही होत्या. मागाहून साडेतीनशेहून जास्त लोकांवर गुन्हे दाखल झाले. तेव्हापासून ‘तीनशे सात’, ‘तीनशे त्रेपन्न’ हे आकडे घराघरांत ऐकू येऊ लागले.

हे आकडे भारतीय दंडसंहितेचे. हा कायदा 1860 चा, ब्रिटिश मुलखात तो 1862 पासून लागू झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून इकडे तो आला थेट 1951 साली.

307 म्हणजे खुनाचा प्रयत्न. शिक्षा 10 वर्षांपर्यंत, आणि त्यात कुणाला दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. 353 म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. मूळ शिक्षा 2 वर्षांपर्यंत होती, महाराष्ट्रानं ती 5 वर्षांपर्यंत वाढवली. 147 म्हणजे दंगल, 2 वर्षांपर्यंत. इथं ‘पर्यंत’ हा शब्द नीट ऐका. कलम लागलं म्हणजे शिक्षा झाली असं नाही. कलम हा आरोप असतो, तो सरकारी पक्षाला कोर्टात सिद्ध करावा लागतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले. 307 चं 109 झालं, 353 चं 132. पण 2023 च्या घटनेचा खटला जुन्याच कलमांखाली चालतो. घटनेच्या दिवशी जी शिक्षा कायद्यात होती, तिच्याहून जास्त देता येत नाही. तसं संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदातच आहे.

आता कळीचा मुद्दा. ‘गुन्हे मागे घेतले’ असं मंत्र्यांनी भाषणात सांगितलं, तेवढ्यानं खटला संपत नाही. सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. दोषारोप ठेवण्याआधी संमती मिळाली तर आरोपी आरोपातून मुक्त होतो, नंतर मिळाली तर निर्दोष ठरतो. तोवर नाव कागदावर राहतंच. पोराची पोलीस भरती असो की पासपोर्ट, चारित्र्य पडताळणीत ते पुढं येतं.

म्हणून घोषणेवर विसंबून राहू नका. एफआयआरची प्रत काढा. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते. तारीख चुकवू नका, चुकली तर वॉरंट निघू शकतं. आणि खटला मागे घेतल्याचा कोर्टाचा आदेश हातात आला, की त्याची नक्कल घरात जपून ठेवा.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते. आणि वकील? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला तो मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. कोठडीत असलेल्या पुरुषालाही मिळतो.

आकड्याला घाबरून जमीन गहाण टाकण्याआधी, बायांनो, हे दार एकदा ठोठावा.