माइक कुणाच्या हाती?

कबड्डीचे सामने असले की आमच्या दाभोशाचे लोक धबधबासुद्धा विसरतात. चुन्याने मैदान आखलं जातं, भोंगे बांधले जातात. मुलींना बोलावतात ते पाहुण्यांना ओवाळायला आणि गुच्छ द्यायला. माइक मात्र पुरुषाकडे. कैक वर्षं तो माझ्याच हाती आहे. गेल्या खेपेला गुच्छ घेऊन उभी असलेली एक शाळकरी मुलगी हळूच म्हणाली, "काका, मघाशी बोनसचा गुण सांगायचा राहिला." मला राग आला. घरी गेल्यावर लाज वाटली आणि फिलिस जॉर्जविषयी वाचलेलं आठवलं.

फिलिस टेक्सासमधल्या डेंटन गावची. सप्टेंबर १९७० मध्ये तिच्या डोक्यावर 'मिस अमेरिका'चा मुकुट चढला. १९७५ साली सीबीएस वाहिनीने तिला 'द एनएफएल टुडे' या अमेरिकन फुटबॉलच्या कार्यक्रमात बसवलं. सोबत ब्रेंट मसबर्गर हे निवेदक आणि आयर्व्ह क्रॉस हे माजी खेळाडू. हिला खेळाच्या पत्रकारितेचा अनुभव नव्हता. 'शोभेची बाहुली आणून ठेवली' अशी टीका झाली. ती सगळीच खोटी म्हणता येणार नाही. मुकुटामुळेच दार उघडलं होतं. पण फिलिसला माणसाला बोलतं करायची हातोटी होती. रॉजर स्टॉबॅक हा बडा खेळाडू सोवळा म्हणून प्रसिद्ध. तिने त्याला त्या सोवळेपणाबद्दलच छेडलं आणि गडी मोकळा झाला. खेळाडूमागचा माणूस प्रेक्षकांना दिसू लागला. २०२० मध्ये ती वारली, तेव्हा खेळाच्या दूरचित्रवाणीत बायकांसाठी वाट पाडणारी म्हणून तिला आठवलं गेलं.

आपल्याकडे १९७७ साली इंदूरला मुंबई आणि एमसीसी यांच्या सामन्याचं समालोचन चंद्रा नायडू यांनी केलं. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांची ही लेक. त्यांच्यापाशी मुकुट नव्हता, वडिलांचं नाव होतं. पण नभोवाणीवर चेहरा दिसत नाही. तिथे खेळ कळला पाहिजे आणि तो सांगता आला पाहिजे.

पुण्याच्या संजना गणेशनची गोष्ट अलीकडची. शिक्षणाने अभियंता, २०१४ च्या 'मिस इंडिया' स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोचलेली. पुढे २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात स्टार स्पोर्ट्सवर ती घरोघरी दिसली. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला भारताने ११९ धावा करूनही पाकिस्तानला ६ धावांनी हरवलं. सामनावीर जसप्रीत बुमरा. त्याची मुलाखत संजनाने घेतली आणि तो तिचा नवरा. झालं! नवरा-बायकोच्या गमतीची चर्चा घरोघरी झाली. तिने प्रश्न काय विचारले, हे माझ्यासकट कितीजणांनी नीट ऐकलं?

फिलिसपासून जवळपास पन्नास वर्षं उलटली, तरी आपण आधी पाहतो आणि मग, जमलं तर, ऐकतो.

यंदाच्या सामन्यांना त्या मुलीच्या हाती गुच्छाऐवजी माइक द्या, असं मी मंडळाला सांगितलं आहे. मंडळी विचारतात, "तिला जमेल का?" मी पहिल्यांदा माइक घेतला, तेव्हा मला हे कुणी विचारलं नव्हतं.