जुडी सोडवण्याचा इतिहास

विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधांच्या सनावळीतून वाचतो. वाङ्मयेतिहासाचेही तसेच. ग्रंथ केव्हा प्रसिद्ध झाला हे आपण सांगतो. तो इतरांत कसा मिसळला, हे क्वचितच विचारतो. हा प्रश्न कार्बन नॅनोट्यूबच्या इतिहासाला विचारून पाहावा, असे आम्हांस वाटते.

या नळ्यांचे जनकत्व सामान्यतः सुमिओ इजिमा यांना दिले जाते. १९९१ मध्ये जपानमधील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेतून त्यांनी ‘नेचर’मध्ये आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. परंतु रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी १९५२ मध्येच कार्बनच्या पोकळ नळ्यांची छायाचित्रे छापली होती. लेख रशियन भाषेत होता, काळ शीतयुद्धाचा होता. पाश्चात्त्य जगात तो जवळजवळ अवाचितच राहिला.

ग्राफाइटचा एक अणू जाडीचा, षट्कोनी जाळीचा पापुद्रा गुंडाळावा, तशी ही नळी असते. एकपदरी नळीचा व्यास साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तिचे असामान्य बळ आणि विद्युतवाहकता यांची कीर्ती झाली, ती सुट्या नळीच्या गुणांवरून. प्रत्यक्षात मात्र या नळ्या परस्परांच्या आकर्षणाने घट्ट बिलगून जुड्या बनवतात. त्या पाण्यात मिसळत नाहीत, राळेतही सहज पसरत नाहीत. जुडी तशीच राळेत घातली तर ताण येताच आतल्या नळ्या एकमेकींवरून घसरतात आणि बळकटीसाठी घातलेला पदार्थच दुबळेपणाचे ठिकाण होतो. ही जुडी सोडवायची कशी, हाच पुढील इतिहासाचा मुख्य प्रश्न ठरला.

पहिली वाट आम्लाची. १९९४ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नायट्रिक आम्लाने नळ्यांची बंद टोके उघडली. १९९८ मध्ये राइस विद्यापीठातील रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात, श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने, लांब नळ्यांचे आखूड तुकडे केले. आम्लाने कुरतडलेल्या जागी कार्बोक्झिल गट बसतात आणि त्यांना अन्य रेणू जोडता येतात. रॉबर्ट हॅडन व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी अठरा कार्बनांची शेपटी असलेला रेणू असा जोडला आणि नळ्या सेंद्रिय द्रावकांत विरघळवून दाखवल्या. या वाटेने नळीचे राळेशी नाते पक्के होते, पण तिच्या जाळीला जखम होते आणि वाहकता घटते.

दुसरी वाट पांघरुणाची. २००२ मध्ये राइस विद्यापीठातच साबणासारख्या द्रव्याच्या वेष्टनात नळ्या पाण्यात सुट्या केल्या गेल्या. तेव्हा त्या अवरक्त प्रकाशात उजळल्या. जुडीत असताना शेजारच्या धातुगुणी नळ्या ही दीप्ती विझवून टाकीत. २००३ मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या संशोधकांनी डीएनएचा धागा गुंडाळून हेच साधले. येथे जाळी अभंग राहते. मात्र वेष्टन नळी आणि राळ यांच्या मध्ये उभे राहते, त्यामुळे एकीचा भार दुसरीकडे नीट पोहोचत नाही.

म्हणून आजही निर्णय उपयोगावर अवलंबून असतो. बळकटी हवी असेल तर थोडी जखम पत्करावी लागते. वाहकता किंवा दीप्ती हवी असेल तर पांघरूण बरे. काहीही न गमावता मिसळण्याची वाट अद्याप सापडलेली नाही.

अनुवाद शिकवताना आमच्यापुढे हाच पेच असतो. मूळ संहितेची मोडतोड करून ती मराठीत मुरवावी, की टीपा-प्रस्तावनांच्या वेष्टनात ती अक्षत ठेवावी? दोन्हींची किंमत असते, आणि विद्यार्थ्यांनी ती ओळखून निवड करावी एवढेच आम्ही सांगू शकतो. परंतु १९५२ चा तो रशियन लेख तिसऱ्या शक्यतेची आठवण देतो. किंमत कोणीच न मोजल्यास संहिता निर्दोष राहते, आणि जुडीतच राहते.