घाटमाथ्यावरचे अन्न : मावळ आणि लोणावळ्याच्या खाण्याचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यालगत पसरलेल्या मावळात खाण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी वाढल्या. एक घरची, म्हणजे भातखाचरे, पाऊस आणि रान यांवर पोसलेली. दुसरी वाटेवरची, बोरघाट चढून-उतरून जाणाऱ्यांच्या भुकेसाठी उभी राहिलेली. घरच्या परंपरेला ऋतूंनी आकार दिला. वाटेवरच्या परंपरेला थांब्यांनी. प्रवासी जिथे थांबला तिथे खाणे तयार झाले आणि थांबा हलला की खाणेही हलले.

वाटसरूंच्या पोटाची सोय करण्याचा या भागातला सर्वांत जुना लेखी पुरावा कार्ल्याच्या लेण्यात आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत कोकणातली बंदरे आणि देशावरच्या बाजारपेठा यांना जोडणारा मार्ग इथून जात असे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या कार्ल्यातील शिलालेखात करजिक नावाचे गाव वलूरक म्हणजे कार्ल्याच्याच लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठी दान दिल्याची नोंद आहे. पावसाळ्यात वर्षावासाला येऊन राहणाऱ्या सर्वांना त्याचा लाभ मिळावा, असे त्यात म्हटले आहे. पुढे सातवाहनांच्या काळात हेच दान पुन्हा दिले गेले. चार महिने घाट पावसाने बंद, डोंगरात माणसे अडकलेली आणि त्यांच्या अन्नासाठी एका गावाचे उत्पन्न लावून दिलेले, असे हे चित्र आहे. मावळात पाऊस आणि अन्न यांचा हिशेब तेव्हापासून एकत्रच मांडला गेला.

हा पाऊस घाटमाथ्यावर फार आणि पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जाणारा. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळेगावपर्यंत येता येता तो बराच उतरतो. त्यामुळे आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत खाचरांमध्ये भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी अशी पिकांची वाटणी झाली. गरिबाघरी पिकवलेल्या तांदळाचा मोठा भाग विकला जाई आणि रोजच्या ताटात नाचणीची भाकरी येई. भात सणाचा, पाहुण्याचा आणि पेजेच्या रूपाने आजाऱ्याचा.

पावसाळा सुरू होण्यापूर्वी घरोघरी बेगमी केली जाई. लाकूडफाटा पडवीत रचायचा, मिरची-मीठ भरून ठेवायचे आणि कोकणातून वर आलेले सुके बोंबील व सुकट डब्यात दडपायची. बोरघाट, कुरवंडे घाट आणि राजमाचीकडच्या वाटांनी मीठ, सुकी मासळी, नारळ, आमसूल वर येत. धान्य, गूळ, मिरची खाली उतरे. म्हणून समुद्रापासून दूर असलेल्या मावळी घरातही सुक्या मासळीचा वास परका नव्हता.

बेगमीच्या जोडीला रान असे. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कवळा या भाज्या उगवत. भारंगीची पाने कडू, म्हणून ती उकडून, पाणी पिळून काढून मग फोडणीला टाकत. तेऱ्याच्या पानांना खाज असते. त्यांत चिंच किंवा आमसूल पडल्याशिवाय ती घशाखाली उतरत नाहीत. ओढ्यातले खेकडे पकडून त्यांच्या बारीक नांग्या पाट्यावर कुटत, त्यात पाणी घालून रस गाळून घेत आणि त्याच रसात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घालून कालवण शिजवत. कवचाला चिकटलेले मांसही वाया न घालवणारी ही रीत टंचाईतून आली आणि चवीमुळे टिकली.

आषाढातली भातलावणी ही मावळी स्वयंपाकाची वार्षिक कसोटी असे. पाऊस असेतो खाचरे उरकायची, म्हणून एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने जाण्याची इर्जिक ही पद्धत होती. मजुरी पैशांत नसे. ज्याचे शेत त्याने सर्वांना जेवू घालायचे. दुपारी बांधावर भाकरी, ठेचा, कांदा आणि सुकटीचे कोरड्यास, तर काम संपल्यावर घरी मटण किंवा गोडाधोडाचे जेवण. घराबाहेर, घरच्या नसलेल्या माणसांसोबत जेवण्याचा शेतकऱ्याचा मुख्य प्रसंग हाच. त्याखेरीज लग्न, हरिनाम सप्ताहाचा महाप्रसाद आणि जत्रा.

जत्रांमध्ये मोठी कार्ल्याच्या एकवीरेची. कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातल्या अनेक घराण्यांची ही कुलदेवता. चैत्रात मुंबई-रायगडाकडून येणारे भाविक नवसाचे बकरे-कोंबडे वेहेरगावच्या परिसरात शिजवून देवीच्या नावाने पंगत मांडत. दर्शनाइतकेच त्या पंगतीलाही महत्त्व असे. थांबा हलला की गर्दी कशी हलते, याचे उदाहरण तळेगावने पाहिले. सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात तळेगावी ब्राह्मणांना दक्षिणा देत आणि त्यासाठी दूरदूरची माणसे तिथे जमत. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. पुढे दक्षिणेचा हा समारंभ पहिल्या बाजीरावाने पुण्यात नेला आणि श्रावणातली ती गर्दी तळेगाव सोडून गेली.

वाटेवरच्या खाण्याचे आधुनिक पर्व रस्त्याने सुरू झाले. १८३० मध्ये बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. त्यानंतर आली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. खालून खोपोलीपर्यंतही गाडी येत होती, पण मधल्या घाटातले काम अपुरे होते. पुढची पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरून पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीने खंडाळा गाठत आणि तिथे पुन्हा गाडी धरत. २१ एप्रिल १८६३ रोजी २५ बोगद्यांचा घाटमार्ग खुला झाला. बांधकाम ऐन भरात असताना, १८६१ मध्ये, इथे ४२ हजारांहून अधिक मजूर राबत होते. इतकी माणसे रोज जेवू घालण्याची वेळ या डोंगरावर पूर्वी कधी आली नव्हती.

रेल्वेने लोणावळ्याला गावाचे शहर केले. घाटात गाडी चढवायला जादा इंजिने लागत, त्यामुळे स्टेशन, इंजिनांचा कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. १८७७ मध्ये नगरपालिका आली. चिक्कीचा जन्म याच वस्तीतला. मगनलाल चिक्कीच्या घराण्यातली हकिगत अशी, की १८८८ च्या सुमारास त्यांच्या पूर्वजांनी रेल्वेच्या कामगारांना शेंगदाणे, गूळ आणि तुपाची गुडदाणी विकायला सुरुवात केली. तोवर घाटमार्ग सुरू होऊन २५ वर्षे झाली होती. त्यामुळे हे गिऱ्हाईक मार्ग बांधणाऱ्या मजुरांपेक्षा रेल्वेच्या चाकरीतल्या माणसांचे आणि प्रवाशांचे असणार. पुढे पुड्या बांधून हा पदार्थ गाड्यांतून विकला जाऊ लागला आणि लोणावळ्याचे नाव त्याला कायमचे चिकटले.

चिक्कीतले शेंगदाणे आणि गूळ दोन्ही देशावरचे. घाटमाथ्याच्या पावसात भुईमूग फारसा पिकत नाही. म्हणजे लोणावळ्याचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ मावळच्या शेतातून आलेला नाही, तो स्टेशनातून आला. प्रवासाला तो नेमका बेतलेला आहे: ताट नको, पाणी नको, चार दिवस टिकतो आणि मूठभर खाल्ला तरी पोटाला आधार होतो. करण्याची रीत साधी वाटते, पण पाकावर सगळे अवलंबून. गूळ कढईत वितळवून उकळत ठेवतात आणि त्याचा थेंब गार पाण्यात सोडून पाहतात. तो मऊ राहिला तर चिक्की दाताला चिकटणार. कटकन मोडला की पाक झाला. मग भाजून, साले काढून, पाखडलेले दाणे त्यात ओततात, तुपाचा हात लावलेल्या पाटावर ते घमेलेभर मिश्रण पालथे करतात, लाटण्याने पसरतात आणि गरम असतानाच सुरीने रेघा पाडतात. थंड झाल्यावर रेघ पाडायला गेले तर तुकडे उडतात. पावसाळी हवेत उघडी चिक्की काही तासांत मऊ पडते, म्हणून इथल्या दुकानांत हवाबंद पुडा ही चैन नसून गरज आहे. पुढे दाण्यांच्या जोडीला तीळ, काजू, खोबरे, राजगिरा यांच्या चिक्क्या आल्या आणि कूपरच्या पारशी दुकानाने चॉकलेट फजची नवी चव आणली.

घाटाच्या पायथ्याशी कर्जतलाही हेच घडले. गाडीला मागून इंजिन जोडण्यासाठी तिथे थांबावे लागे. त्या मिनिटांत फलाटावर बटाटावडा विकला जाई आणि दिवाडकरांचा वडा मुंबई-पुणे प्रवासाचा भाग झाला. १ जून १९३० रोजी विजेवर धावणारी डेक्कन क्वीन सुरू झाली. तिच्या डायनिंग कारमधल्या ऑम्लेट, कटलेट, चीज टोस्टने नोकरदारांच्या कित्येक पिढ्यांची सकाळ-संध्याकाळ सांभाळली.

याच काळात मुंबईच्या पारशी, गुजराती धनिकांनी खंडाळा-लोणावळ्यात बंगले बांधले. बंगल्यांतले स्वयंपाकी मालकाच्या चवीचे रांधत. दूध, अंडी, भाजी, जांभळे-करवंदे मात्र आसपासच्या खेड्यांतून येत. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि सात्त्विक, मोजक्या आहाराची आणखी एक शाखा इथे रुजली. मावळी बाई या घरांत भांडी घासायला, दूध घालायला गेली. तिची फोडशीची भाजी मात्र त्या टेबलावर गेली नाही.

तिची खाचरेही आक्रसली. १९११ मध्ये लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे जलाशय त्यासाठी बांधले गेले. शेजारच्या मुळशीत धरणाखाली जाणाऱ्या भातजमिनींसाठी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झालेच. बुडालेल्या जमिनी आंबेमोहराच्या होत्या.

आंबेमोहर हा आंब्याच्या मोहरासारखा दरवळणारा तांदूळ. पण पीक उंच वाढून लोळते, तयार व्हायला वेळ घेते आणि उतारा कमी देते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण तयार केले आणि १९८७ मध्ये ते प्रसारित झाले. शिजल्यावर मऊ, किंचित चिकट आणि सुवासिक असा हा भात एका पिढीत मावळाची ओळख बनला आणि कामशेतच्या गिरण्यांतून पुणे-मुंबईच्या घरोघरी पोहोचला. मावळच्या शेतातून निघून शहराच्या ताटात मानाने बसलेला हा पदार्थ.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि गावातून जाणारी सक्तीची वाट संपली. चहा-वड्याचा थांबा द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये गेला. लोणावळ्याला आता केवळ थांबा राहून भागणार नव्हते, मुक्कामाचे ठिकाण व्हावे लागले. रेल्वेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेले भुशी धरण आणि टायगर पॉइंट इथे पावसाळ्यात भाजलेली कणसे, मक्याची भजी आणि चहा यांचा नवा बाजार भरला.

पवना धरणाच्या काठी आणि आंदर मावळात गेल्या काही वर्षांत आणखी एक वळण आले. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांना चुलीवरचे मटण, भाकरी आणि इंद्रायणीचा भात वाढला जाऊ लागला. ज्या स्वयंपाकाकडे दीडशे वर्षे प्रवाशाने पाहिले नव्हते, तोच आता त्याला इथे ओढून आणतो आणि त्याचे पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातात पडतात. मात्र पाहुण्यांच्या ताटात मटण-भाकरी येते. नाचणीची आंबील, तेऱ्याची पाने, खेकड्याचा रस क्वचितच येतात. वाटेवरच्या खाण्याची नोंद शिलालेखांनी, रेल्वेने आणि दुकानांनी ठेवली. घरच्या खाण्याची नोंद फक्त ते रांधणाऱ्या म्हाताऱ्या बायकांकडे आहे. ती त्यांच्याकडून वेळेत लिहून घेणे आणि आंबेमोहर, वरी, नाचणीचे जुने वाण शेतात राखणे, ही मावळच्या खाद्येतिहासातली सर्वांत निकडीची कामे आहेत.